देवकाचा चेहरा

"फ्रीजमध्ये?" किझाच्या आजोबांनी, जज्जांनी, काठी जमिनीवर आपटली. "सोड्याच्या बाटल्यांशेजारी? त्यांना?"

"थोडा गार होण्यापुरतंच," किझा पुटपुटली. "गार झाला की उडी मारत नाही. दुकानदार म्हणाला, फोटोसाठी सगळे तसंच करतात."

"सगळ्यांचं देवक नाकतोडा नाही."

विषय संपला. आजोबांच्या कुळात नाकतोडा खात नाहीत, मारत नाहीत, आणि आजपासून गारठवतही नाहीत. किझानं मान डोलावली आणि डब्याचं झाकण सरकवलं. आत एकच होता, हिरवागार, सगळे पाय आणि पंख शाबूत. हंगामात मसाका गावच्या बाजारात नाकतोड्यांची पोतीच्या पोती येतात, पण तळण्याआधी पाय-पंख तोडणाऱ्या बायकांचे हात असे चालतात की पायापंखांसकट एखादा हाती लागणं कठीण. हा शेजारच्या नालोंगोनं आपल्या पोत्यातून काढून दिला होता. तोही उसना.

"परत हवाय हं मला," नालोंगो पंख तोडता तोडता म्हणाली. दोन्ही घरांचं अंगण एकच. तिची चूल पेटली होती. "फोटो काढ, मुका घे, काय वाटेल ते कर. कढई तापायच्या आत परत."

"अगं, निदान माझ्यादेखत तरी!"

"जज्जा, माझं देवक माकड. जन्मात माकड तोंडाला लावलं नाही मी. नाकतोड्याबद्दल मला कुणी काही सांगितलेलं नाही."

किझा पोटावर आडवी झाली. कॅमेरा जुन्या बाजारातला. भिंग त्याचंच, पण उलटं बसवलेलं, पुढची बाजू आत आणि मागची बाहेर. उलटं भिंग बारीक वस्तू मोठी करून दाखवतं. ते धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबची पट्टी, उजेड मऊ करायला दुधाळ जेरीकॅनचा कापलेला तुकडा. या कामाचं खास भिंग घ्यायचं तर घरची मोटरसायकल विकावी लागली असती, आणि घरी मोटरसायकल नव्हती.

गेल्या हंगामातही तिनं प्रयत्न केला होता. आला होता नुसता हिरवा धूर. जज्जांनी तो बराच वेळ निरखला होता आणि मायेनं म्हणाले होते, "केळीचं पान सुरेख आलंय." किझाला ते विसरता येत नव्हतं. ज्याचा मान त्यांनी आयुष्यभर राखला, त्याचं तोंड त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. आता तर त्यांना स्वतःची नखंही धूसर दिसत. आणि हंगाम सरत आला होता.

तिनं नाकतोड्याला गवताच्या काडीवर ठेवलं. असल्या भिंगाला फिरवून काही साधत नाही. आपणच केसभर पुढं, केसभर मागं व्हायचं. ती झाली. मिशी दिसली, मिशी हरवली. डोळा आला, डोळा गेला.

टुणकन उडी.

"गेला?" जज्जा घाबरे झाले.

गेला नव्हता. काठी धरलेल्या त्यांच्या मुठीवर, मधल्या बोटाच्या पेरावर बसला होता.

"जज्जा, हलू नका."

"मी कुठं हलतोय?"

"श्वाससुद्धा नको."

"या वयात ते फारसं अवघड नाही, पोरी."

नालोंगो खो-खो हसत उठली. "आण तो तुकडा इकडे, मी धरते उजेड." तिच्या बोटांना पंख चिकटलेले होते. एका हातात मोबाइलची बत्ती, दुसऱ्यात जेरीकॅनचा तुकडा, आणि पोट अजून हसून हलतंय.

"नालोंगो, उजेड नाचतोय!"

"मग त्यांना सांग विनोद करू नका म्हणून!"

किझानं कोपर जज्जांच्या गुडघ्याला टेकवलं. केसभर पुढं. आणखी केसभर. तिघांनीही श्वास धरला. चुलीवर तेल तडतडू लागलं, तरी कुणी वळलं नाही.

खट्.

नाकतोड्यानं पंख उघडले आणि कुंपणापलीकडच्या केळींत भुर्रकन दिसेनासा झाला.

"गेला माझा घास!" नालोंगो म्हणाली, पण तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं.

किझानं पडद्यावर हातानं सावली केली. लांबुळका, गंभीर चेहरा. बाजरीच्या दाण्याएवढे डोळे, त्यात एकेक काळा ठिपका. ओठांशी दवाचा थेंब. आणि प्रत्येक रेघ स्वच्छ, कोरल्यासारखी. ती खुदकन हसली.

"बघू," नालोंगो वाकली, आणि लगेच डोळे मिटून मागं सरली. "नको, नको. मला अजून पोतंभर खायचेत."

किझा गुडघे टेकून बसली आणि कॅमेरा जज्जांच्या डोळ्यांपुढं धरला. त्यांनी तो आधी दूर केला, मग जवळ आणला. डोळे बारीक करून पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"माझ्या वडिलांसारखे दिसतात," ते म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पाठ ताठ केली, आणि भारदस्त पाहुण्याला सांगावी तशी स्वतःची ओळख सांगू लागले. मी मुगालुला. मग बापाचं नाव, आज्याचं, पणज्याचं, त्याच्याही मागचं, पार कुळाच्या मूळ पुरुषापर्यंत. पडदा विझू लागला की किझा बटण दाबून तो पुन्हा उजळायची.

"आणि ही किझा. माझ्या मुलाची मुलगी. हिनं आपली गाठ घालून दिली."

आपली ओळख सांगून झाली की समोरच्यानं त्याची सांगायची असते. जज्जा टोपी हातात धरून, हसऱ्या तोंडानं वाट बघत राहिले.