हिमगेंडा

"काय ही मुंगीएवढी अक्षरं! छापणाऱ्याला शाई महाग झाली होती का?" बाबांनी कार्ड नाकाशी नेलं, मग हातभर लांब धरून पाहिलं.

"चष्मा बदलायला झालाय तुमचा," धाकटा घाईघाईने म्हणाला.

बाबांचा हिमगेंडा, त्यांच्या कार्डांतलं सगळ्यात बलाढ्य जनावर, टेबलाच्या मधोमध ठाण मांडून होता. त्यांचा सगळा डाव त्याच्या जिवावर. तो पडला की बाबा संपले, हे दोन्ही मुलांना लहानपणापासून पाठ. ताईच्या हातात 'भस्म' होतं. समोरच्याचं कुठलंही जनावर एका फटक्यात खेळाबाहेर काढणारं कार्ड. ते तिने दाबून ठेवलं होतं. हल्ली दर रविवारी ती ते असंच दाबून ठेवायची आणि हरायची. आतल्या खोलीत तिची छोटी झोपली होती. उद्या कामावर जाताना रोजच्यासारखं तिला बाबांच्या हवाली करून जायचं होतं.

"भस्माची घाई करायची नाही," बाबांनी जुना धडा पुन्हा दिला. "किडुकमिडुकावर उधळायचं नाही. मुख्य जनावर दिसलं, की मग सोडायचं नाही."

आणि त्यांनी आपल्याकडचं भस्म आपटलं. थेट हिमगेंड्यावर. स्वतःच्याच.

"गेला तुझा गेंडा!" त्यांचा चेहरा कसा उजळला होता.

"वा बाबा! ताईची चांगलीच जिरवलीत." टेबलाखालून धाकट्याने ताईचा पाय दाबला आणि गेंडा उचलून गुपचूप तिच्या बाद कार्डांत सरकवला.

"अजून बापाला हरवणं सोपं नाही म्हटलं! तोंड पाडू नकोस गं. तुझ्याकडे असेल भस्म, तर टाक की तूही."

ताईने टेबलाकडे पाहिलं. बाबांच्या बाजूला भस्म टाकावं असं काही उरलंच नव्हतं.

आत छोटी कुरकुरली. बाबा लगेच गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले. "आलो गं माझी राणी, आजोबा आले."

"बसा, बाबा."

"अगं, रडतेय ती."

"ताई, राहू दे ना आज," धाकटा पुटपुटला.

ताईने हातातली कार्डं उताणी ठेवली. भस्म सगळ्यात वर.

"गेंडा तुमचाच होता, बाबा," ती म्हणाली. "उद्यापासून छोटीला तुमच्याजवळ ठेवणार नाही मी."