अंधारकाका

खिडकीवर चादर दुहेरी करून ताणली, चारी बाजूंनी खोचली, तरी खालच्या कोपऱ्यातून उन्हाची एक पट्टी आत येतच होती. अंधारकाकांनी तिथे उशी कोंबली आणि घड्याळ पाहिलं. पावणेचार. बरोबर चारला लेक व्हिडिओवर येणार होती.

अंधारकाका हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं ते शाळेत प्रोजेक्टर लावायचे, आणि वर्गात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "अंधार करा रे!" काका निवृत्त झाले त्याच वर्षी शाळेने एक जुना प्रोजेक्टर मोडीत काढला. कुणी विचारायच्या आत काकांनी तो बगलेत मारून घरी आणला. दोघांचीही नजर आता जरा अधू झाली होती.

घरातल्या लॅपटॉपचा पडदा तीन आठवड्यांपूर्वी काळा पडला होता. आतलं सगळं ठणठणीत, कॅमेरासुद्धा. दिसायचं मात्र काहीच नाही. आंधळ्या लॅपटॉपवर बटणं तरी कुठली दाबणार? म्हणून तीन रविवार साध्या बटणांच्या फोनवरच बोलणं झालं. "बरी आहेस ना?" "हो. तुम्ही?" "मला काय धाड भरलीय!" आवाजाचं काय, तो लपवाछपवी करतो. तोंड बघितल्याशिवाय बापाचा जीव भांड्यात पडत नाही.

आज मात्र काकांनी सगळं रीतसर मांडलं होतं. प्रोजेक्टर टेबलावर, त्याच्या मागे-पुढे हातभर मोकळी जागा, कारण गरम हवा बाहेर जायला वाट लागते. भिंतीशी बुटक्या स्टुलावर लॅपटॉप, कॅमेऱ्याचं तोंड खुर्चीकडे. दोघांमधली वायर जमिनीला चिकटपट्टीने पक्की केलेली, नाहीतर पायात अडकून माणूस आणि यंत्र दोघेही आडवे व्हायचे. "भिंगात बघायचं नाही," ते मोठ्याने म्हणाले. एकतीस वर्षं पोरांना बजावलं होतं. आता खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून स्वतःलाच बजावलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांना लेक भिंतीएवढी नको होती, लेकीएवढी हवी होती. परगावी जाताना ती आपला जुना चष्मा खणात टाकून गेली होती. काकांनी तिचा एक फोटो भिंतीवर पाडला, फोटोतल्या चष्म्यावर हा खरा चष्मा धरला आणि टेबल मागे-पुढे सरकवत राहिले. बोटभर मागे, दोन बोटं पुढे. अखेर चष्म्यावर चष्मा बरोबर बसला. तो त्यांनी चिकटपट्टीने तिथेच भिंतीला चिकटवून टाकला आणि समोर आपली खुर्ची ओढली.

चार वाजले. भिंतीवर लेक आली.

खरोखरीची, तिच्याएवढी. जरा इकडे-तिकडे हलली आणि जुना चष्मा नेमका तिच्या नाकावर आला. काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं, ये, बस.

"बाबा? आवाज येतोय तुमचा. पण इथे नुसता काळोख आहे हो!"

काकांनी कपाळावर हात मारला. सगळा जन्म अंधार करण्यात गेला, पण अंधारात बसलेला माणूसच कुणाला बघायचा असेल, अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्यांनी घाईघाईने खणातला टॉर्च काढला आणि हनुवटीखाली धरला.

"बाबा! भूत!" ती ओरडली आणि हसत सुटली. काकाही हसले. मग तिचं हसू विरलं.

"टॉर्च नको. खिडकी उघडा ना. तीन रविवार पाहिलं नाही मी तुम्हाला. फोनवर तुम्ही सगळं बरं आहे एवढंच सांगता."

बापाचीच लेक ती. काका उठले नाहीत.

"उघडताय ना?"

"उघडतो. एक मिनिट."

त्या एका मिनिटात त्यांनी तिला पाहून घेतलं. केस कापले होते. डोळ्यांखाली थोडं काळं झालं होतं. कपाळावरची लहानपणच्या खोकेची खूण मात्र तिथेच होती. मग ते प्रकाशाच्या झोताला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने खिडकीशी गेले आणि चादर खाली ओढली.

दुपारचं सगळं ऊन एकदम आत आलं. जुन्या प्रोजेक्टरची त्यापुढे काय टाप! भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. तिच्यावर चिकटपट्टीने चिकटवलेला एक चष्मा तेवढा राहिला.

"आता दिसलात!" लेकीचा आवाज आला. "दाढी किती वाढलीय? आणि गाल कुठे गेले तुमचे? जेवता ना वेळेवर?"

"जेवतो गं." काका येऊन खुर्चीत बसले. ताठ बसले, म्हणजे तिला नीट दिसतील.

"बघू, तोंड इकडे करा. हं." ती निरखून बघत असावी. "बाबा, मी पण दिसतेय ना तुम्हाला?"

काकांनी चष्म्यात पाहिलं.

"दिसतेस तर! अगदी समोर बसलीयस." आणि तिला शंका नको म्हणून पुढे म्हणाले, "जरा वाळलीस मात्र."

"काहीतरीच! चांगली दोन किलोंनी वाढलेय मी!"

आणि ती हसली, लहानपणी हसायची तशी, मान मागे टाकून हसत असणार.

भिंतीवरचा चष्मा जागचा हलला नाही.