पन्नास ठोके

रीतानं स्टेथोस्कोप सोजरबाईच्या छातीवर टेकवला आणि मनगटावरच्या घड्याळाचा काटा पूर्ण फेरा मारीपर्यंत मोजत राहिली. पन्नास. खात्री वाटेना म्हणून तिनं आणखी एक मिनिट मोजलं. पन्नासच.

खाटेच्या पायथ्याशी परीक्षक वैजयंती मॅडम उभ्या होत्या. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. प्रत्येक मुलीला वॉर्डातली एक खाट आणि वीस मिनिटं. रीताच्या वाट्याला केनवडची सोजरबाई आली होती. सत्तरीची, हृदयाची दुखणेकरी, आठ दिवसांपासून दाखल. उशाशी तिचा नवरा जगदेव टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"आता पेशंटला काय विचारशील?" मॅडम म्हणाल्या.

रीता वाकली. "आजी, जेवण जाते का?"

"कायचं जेवण, माय. दोन रोज झाले, भाकर पाह्यली का उमासे येते. अन् सारं पिवयं दिसून राह्यलं मले. हे भीत पिवयी, तुहा डगलाही पिवया."

जगदेव ओशाळला. "म्हातारीचं काय घेता बाई, कायबी म्हणते."

रीताच्या अंगावरचा डगला तर सकाळीच इस्त्री केलेला, पांढराशुभ्र होता. तिनं केसपेपर उघडला. दहा वाजता द्यायच्या औषधांत पहिलीच गोळी डिगॉक्सिन. रोज एक.

"मॅडम, ही गोळी हृदयाचे ठोके मंद करते. देण्याआधी पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे. साठच्या खाली असतील तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. यांचे पन्नास आहेत. मळमळतंय, सगळं पिवळं दिसतंय. गोळीचं अंगात विष व्हायला लागलंय, मॅडम. मी ही गोळी देणार नाही."

वैजयंती मॅडमनी चष्मा वर सरकवला. "सकाळपासून नऊ जणी झाल्या. पाठ केलेलं सगळ्यांनी म्हटलं. पेशंटकडे बघून उत्तर देणारी तू पहिली." त्यांनी कागदावर आकडा लिहिला. समोरून उलटा दिसत असला, तरी रीताला तो वाचता आला. दहापैकी दहा.

मॅडम पुढच्या खाटेकडे वळल्या.

"मॅडम, पण गोळी? दहा वाजलेत. आता देतील ती."

मॅडम थबकल्या. दाराशी कॉलेजचे प्राचार्य उभे होते, तिकडे त्यांची नजर गेली. "मी बाहेरून आलेली परीक्षक आहे, बाळ. इथल्या उपचारात मला हात घालता येत नाही. वॉर्डच्या सिस्टरना सांग."

सिस्टर बेबीताई औषधांची ट्रॉली ढकलत येतच होत्या. वॉर्डात बेचाळीस पेशंट, आणि त्या एकट्या. रीतानं सगळं सांगितलं. बेबीताई रागावल्या नाहीत. त्यांनी सोजरबाईच्या मनगटावर चार बोटं ठेवली, पाचसात ठोके पाहिले, मग डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनला उभे होते; दोनशिवाय मोकळे होणार नव्हते.

"मागच्या महिन्यात मी असंच एक इंजेक्शन थांबवलं होतं," बेबीताई हळूच म्हणाल्या. "साहेबांना विचारल्याशिवाय थांबवलंच कसं, म्हणून मेमो आला. तुला परीक्षेत विचारतात, तू सांगितलंस. मला कोणी विचारत नाही, बाई." त्यांनी जगदेवच्या तळहातावर गोळी ठेवली. "पाण्यासंगं द्या, काका." आणि ट्रॉली पुढे गेली.

जगदेवनं सगळं ऐकलं होतं. गोळीकडे पाहत त्यानं विचारलं, "तुमी म्हणता द्याची नाई. त्या म्हणते द्या. मंग काय करू बाई मी?"

"नका देऊ, बाबा. साहेब दोनला येतील, तोवर थांबा."

"अन् तोवर हिले काही झालं तं?"

यावर रीताजवळ उत्तर होतं. ते तिनं सांगितलंही. ठोके, पन्नास, विष, सगळं पुन्हा एकदा, त्याला समजेल असं. जगदेवनं मान डोलावत, आदरानं ऐकून घेतलं. मग तो दूरवर गेलेल्या बेबीताईंकडे पाहू लागला.

"तुमचं खोटं हाय असं नाई म्हणत मी," तो म्हणाला. "पण तुमी अजून शिकून राह्यल्या. त्यायचे केस पिकले इथं."

त्यानं सोजरबाईची मान हातावर उचलून धरली, गोळी जिभेवर ठेवली, गिलास ओठाला लावला. रीताला तिचा गळा खाली-वर होताना दिसला. प्राचार्यांनी दारातून हाक मारली. तिची वेळ संपली होती.

परीक्षा दीडला आटोपली. मुली जिन्यावर बसून डबे खात होत्या. रीता वर वॉर्डात गेली नाही, जाववेना. सव्वादोनला वरून धावपळ ऐकू आली, तेव्हा मात्र ती उठून पळत सुटली.

ठोके चौतीसवर आले होते. डॉक्टरांनी केसपेपरवरच्या त्या गोळीवर आडवी रेघ ओढली आणि अकोल्याला न्यायला सांगितलं. स्ट्रेचर उचलायला माणसं कमी पडली, म्हणून एक कोपरा रीतानं धरला. बेबीताई सलाइनची बाटली उंच धरून चालत होत्या. त्या रीताकडे पाहत नव्हत्या. सोजरबाईचे डोळे अर्धे उघडे होते, ओठ जांभळे पडलेले.

अँब्युलन्समध्ये आधी सोजरबाईचं स्ट्रेचर गेलं, मग जगदेव कपड्यांची पिशवी छातीशी धरून चढला. बसल्यावर त्याला खाली उभी असलेली रीता दिसली. काहीतरी बोललं पाहिजे, असं त्याला वाटलं असावं.

"तुमचा पेपर कसा गेला, बाई?"

"चांगला गेला, बाबा."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरनं दार लावून घेतलं.