तीन टाळ्या

करवंदाच्या जाळीत शिरण्याआधी पारी तीन टाळ्या वाजवायची आणि म्हणायची, "आम्ही आलो, वाट दे रे बाबा." अस्वलाने ऐकावं, बाजूला व्हावं, कुणाचंच रक्त सांडू नये, एवढंच मागणं. रोह्याच्या या डोंगरात अस्वल दिसून चाळीस उन्हाळे सरले, तरी तिचे हात थांबले नव्हते.

आता ही एकच जाळी उरली होती. उद्या बुलडोझर येणार होता, वरसे गावाच्या बाजूने प्लॉट पडणार होते.

"आजे, हाय कोण आता आत?" नात शीतल हसली. "कोणाकडं वाट मागतेस?"

पारीने उचललेले हात खाली घेतले. "व्हय गो. कोण नाय." आयुष्यात पहिल्यांदाच ती मुकाट्याने आत शिरली.

दहा पावलांवर समोरून टाळ्या आल्या. सावकाश, जड हातांच्या, बरोबर तीन.

पारीने शीतलला धरून वाटेवरून बाजूला घेतलं. फांद्या वाकल्या. पाचोळा दाबत काहीतरी त्यांच्यापुढून उताराला, रानाबाहेर गेलं. दिसलं मात्र काहीच नाही.

शीतलने पाय उचलला.

"थांब गो," पारी डोळे पुसत म्हणाली, "मागं पिल्लं असतील."

जाळीत पुन्हा तीन टाळ्या वाजल्या, लहान हातांच्या.