डोहातली राखण

“आक्के, बाजूला हो,” काठावरून तुळाजी ओरडला. त्याच्या हातातल्या जिलेटिनच्या कांडीची लांब वात पेटलेली होती.

त्याची बहीण बायजा कमरेभर पाण्यात उभी होती. तिच्या पायाशी दगडांच्या पोटाला बोटाएवढ्या माशांची अंडी चिकटली होती आणि नर पर हलवत ती राखत होते. हा मासा आता एवढ्या एकाच डोहात उरला होता.

“लग्नाची ऑर्डर आहे. मोठे मासे तेवढे उचलतो.”

“सगळेच मरतील, तुळाजी.”

बाहेर येऊन तिने त्याचा हात धरला. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला, तरी ती सोडेना. मग त्याने लाथ घालून तिला पाण्यात पाडलं. तेवढ्या झटापटीत वात संपली आणि कांडी त्याच्या मुठीतच फुटली.

बायजाने लुगडं फाडून त्याचं मनगट आवळलं आणि त्याला पाठीवर घेऊन रस्ता गाठला.

दवाखान्यात हवालदाराने विचारलं, “सोबत कोण होतं?” बायजा सांगायला पुढे झाली.

“मी एकटाच होतो,” तुळाजी म्हणाला. हवालदार लिहू लागला, तसा तो तिला हळूच म्हणाला, “गप बस, आक्के, नाहीतर तूही केसमध्ये अडकशील. तुला डोहावर परत जायचंय.”