थडग्याचं रेखाटन

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात मी ज्या रेखाटनावर पीएच.डी. केली, ते दादाला दाखवलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका आरमारवीराचं थडगं चर्चच्या भिंतीवर रंगवायचं होतं, त्याचा हा कच्चा आराखडा.
“याला चेहराच नाही,” दादा म्हणाला.
“चित्रकाराने त्याला पाहिलं नव्हतं. पाहिलेल्यांना विचारून मग काढणार होता.”
“बाबांचं असंच एक चित्र काढून दे. नौदलाच्या मेसमध्ये लावायचंय.”
“बाबा गेल्याचं मला दहाव्यानंतर कळवलंस.”
“अगं, तुझा व्हायवा होता. बाबाच म्हणाले, तिला कळवू नकोस.”
“इस्पितळातल्या पहिल्या दिवसापासून त्यांच्या घशात नळी होती, दादा. म्हणाले कधी?”
तो बॅग उघडू लागला. “जुनं उकरू नकोस. काढशील ना? पदकांचे फोटो आणलेत.”
“काढते. गणवेश, पदकं, तलवार, सगळं.”
“आणि चेहरा?”
मी वही उघडून पेन्सिल धरली. “शेवटचा तूच पाहिलास. नीट आठव आणि सांग.”