तिघांची खोली

“बाबा, आत्या परसात स्वतःहून झोपायची, की तुम्ही तिला झोपवायचात?”

‘विचारून दाखव!’ अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि शलाकाने भर जेवणात विचारून टाकलं.

“तिला चांदणं आवडायचं गं,” आई म्हणाली.

चांदणं म्हणे! वैशाखात रात्रीसुद्धा पारा पन्नाशीखाली उतरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरटी थंड खोली एकच, तीही मोजून तिघांची. आत चौथा श्वास आला की यंत्र बंद. शलाका जन्मली त्या उन्हाळ्यात आत्याची बाज परसात गेली, आणि आठव्या सकाळी आत्या उठलीच नाही.

आज दवाखान्यातून शलाकाचा नुकताच जन्मलेला भाऊ घरी आला होता. दुपारभर बाबा परसात राबत होते. सडा टाकला, माठ भरला, आत्याची बाज नव्या पट्टीने विणली. उशीला अभ्रा मात्र शलाकाचा होता, फुलपाखरांचा.

“तूच म्हणायचीस ना, चांदण्या मोजायच्यात म्हणून?” बाबा लाडाने म्हणाले.

शलाका खुदकन हसली आणि ताट सारून उठली.

“आईबाबा, माझं ठरलंय. थंड खोलीचं कुलूप मी मघाशीच बदललंय, आता ते फक्त माझ्या अंगठ्याने उघडतं. बाळ आणि मी आत झोपणार. तिसरं कोण, ते तुम्ही दोघं ठरवा. आणि तो अभ्रा काढा, माझा आहे.”